सही करण्याआधी



गेल्या महिन्यात आपली एक मैत्रीण केंद्रावर आली. तुमच्यापैकी काहीजणी तिला ओळखतात, पण तिच्या इच्छेवरून नाव देत नाही. सहा वर्षांपूर्वी वडील वारले आणि भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले, तेव्हाही ती अशीच आली होती. "ताई, सही नाही केली तर माहेर तुटेल आणि केली तर हाती काहीच उरणार नाही," असे म्हणाली होती. तिने सही केली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. कायद्यातला तो वाटा प्रत्यक्ष हातात पडायला तिला पाच वर्षे लागली. जमीन विकली गेली आणि तिच्या नावावर नऊ लाख रुपये जमा झाले.

या वेळी तिच्या पिशवीत दुसरा कागद होता. एका प्रवास कंपनीच्या फ्रँचायझीचा करार. तालुक्याच्या गावी कंपनीच्या नावाचे दुकान काढायचे, देशातल्या आणि परदेशातल्या सहली विकायच्या, मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटे काढून द्यायची. प्रवेश शुल्क पाच लाख, परत न मिळणारे. दुकानाची सजावट कंपनी सांगेल तशी, पण हिच्या खर्चाने, म्हणजे आणखी दोन लाख. माहितीपत्रकावर हसऱ्या बाईचा फोटो आणि खाली स्वतःच्या पायावर उभे राहण्याची भाषा. आपण चळवळीत वापरतो तीच.

"शुक्रवारपर्यंतच सवलत आहे म्हणतात. घेऊ का, ताई?"

मी पटकन म्हणून गेले, "कशाला या भानगडीत पडतेस? बँकेत ठेव आणि स्वस्थ बस." ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "माझे भाऊही हेच म्हणतात."

ते वाक्य मला लागले. पोटगीचा अर्ज कसा करायचा, पोलिसात तक्रार कशी नोंदवायची, सातबाऱ्यावर नाव कसे लावून घ्यायचे, हे आपण बायकांना शिकवले. हक्क मिळेपर्यंत आपण सोबत असतो. पैसा हाती आला की तिचे काय होते, याची चर्चा आपल्या बैठकांत फारशी होत नाही. धंदा, नफा हे शब्दच आपल्याला थोडे परके वाटतात. मग त्या निर्णयाच्या वेळी बाई एकटी पडते आणि तिच्या शेजारी उरतात ते घरचे पुरुष आणि कंपनीचा माणूस.

म्हणून त्या रविवारी आम्ही चौघी आणि एक वकील मैत्रीण तो बावीस पानांचा करार घेऊन बसलो. जे समजले ते इथे मांडते आहे, कारण अशा जाहिराती तुमच्याही गावात येत असतील.

आधी हिशोब. करारात विक्रीवर पाच टक्के कमिशन होते. दुकानाचे भाडे बारा हजार, मदतनीस मुलीचा पगार दहा हजार, वीज, फोन, इंटरनेट मिळून तीन हजार. म्हणजे दरमहा पंचवीस हजार खर्च. तो भरून काढायलाच महिन्याला पाच लाखांच्या सहली विकायला हव्यात, आणि तिच्या स्वतःच्या कष्टाचे पंधरा हजार धरले तर आठ लाखांच्या. वर्षभर, दर महिन्याला. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी सोडली तर तालुक्याच्या गावातून किती माणसे सहलीला निघतात? शिवाय गुंतवलेले सात लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला एकोणपन्नास हजार मिळाले असते, तेही हिशोबात धरायला हवेत. कंपनीच्या माणसाने सांगितलेले 'हमखास उत्पन्न' करारात कुठेही लिहिलेले नव्हते. उलट, तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही, हे मात्र स्पष्ट लिहिले होते.

दुसरी गोष्ट नावाची. पाच लाख मोजायचे ते नावासाठी. पण नाव जुने म्हणून ते टिकेल असे नाही. १७५८ साली सुरुवात झाल्याचे सांगणारी कॉक्स अँड किंग्ज २०१९ मध्ये कर्जे फेडू शकली नाही आणि त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली आणि नियमित उड्डाणे पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडले. अशा वेळी कंपनीचे मुख्य कार्यालय दूर असते. पैसे परत मागणारा माणूस ज्या दुकानात पैसे भरले तिथेच येतो. आमच्या मैत्रिणीच्या करारात ग्राहकाचे सगळे पैसे कंपनीच्या खात्यात जाणार होते. सहल रद्द झाली तर परतावा किती दिवसांत मिळेल, याबद्दल एक ओळही नव्हती.

तिसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी खर्च, चालू कोर्टकज्जे, सोडून गेलेले दुकानदार यांची लेखी माहिती द्यावी लागते. असा नियम तिथे १९७९ पासून आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. आधार आहे तो मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा, म्हणजे सही केलेल्या कागदाचा. तक्रार झालीच तर निवाडा दिल्लीतल्या लवादापुढे, असे कलम होते. दिल्लीला खेपा घालणे कोणाला परवडेल, हे सांगायला नको. करार संपल्यावर दोन वर्षे हा धंदा करायचा नाही, अशीही अट होती. करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे अशी अट टिकणे कठीण, असे वकील मैत्रीण म्हणाली. पण ते माहीत नसलेली बाई घाबरून दोन वर्षे घरी बसेल.

चौथी गोष्ट घरातली. दुकान तिच्या नावावर, पण "बाहेरचे व्यवहार मी बघतो" असे दीर म्हणाले होते. सरपंचपती आपण पाहिलेच आहेत. बाई मालक असेल तर महिलांसाठीच्या योजना मिळतात. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात महिला पर्यटन व्यावसायिकांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. म्हणून कागदावर तिचे नाव सगळ्यांनाच हवे असते. पण कर्ज थकले, ग्राहक कोर्टात गेला, तर नोटीसही तिच्याच नावाने येते. चेकबुक, पासवर्ड आणि जीएसटीचे कागद ज्याच्या हातात, खरा मालक तो.

हे सगळे वाचून झाल्यावर तिने विचारले, "मग धंदा करूच नको का?" मला तसे म्हणायचे नाही. आपल्या बायका गेली कित्येक वर्षे अष्टविनायकाच्या, पंढरपूरच्या, कोकणाच्या सहली काढतात. गाडी ठरवणे, राहण्याची सोय, कुणाला गुडघेदुखी, कुणाला उपास, हे सारे सांभाळतात आणि 'सेवा' म्हणून फुकट करतात. आमच्या मैत्रिणीने अशा सात सहली नेल्या आहेत. हे कौशल्य तिचे आहे, आणि ते वापरायला पाच लाखांचे नाव विकत घेतलेच पाहिजे असे नाही.

शुक्रवार गेला. तिने सही केली नाही. कंपनीला पत्र पाठवले. परताव्याची मुदत लिहून द्या, लवाद आमच्या जिल्ह्यात ठेवा, आणि गेल्या तीन वर्षांत दुकान बंद केलेल्यांची यादी द्या. उत्तर अजून आलेले नाही. सवलत मात्र पुढच्या महिन्यापर्यंत वाढवल्याचा फोन आला. दरम्यान ती ओळखीच्या एका प्रवास कार्यालयात या हंगामापुरती काम शिकते आहे, पगारावर. उद्या तिने दुकान काढले आणि ते चालले नाही, तर तेही तिचे स्वतःचे चुकणे असेल. तो हक्कही तिला आहे. फक्त चूक कशाची होती, ते तिला आधीपासून माहीत असावे.

तुमच्या गटातल्या कुणी फ्रँचायझी घेतली असेल, चालवली असेल किंवा बंद केली असेल, तर जरूर लिहा. किती भरले, किती मिळाले, कुणी सोबत केली, सगळे आकड्यांनिशी लिहा. पुढच्या अंकात ते अनुभव आणि करार वाचताना विचारायच्या प्रश्नांची यादी छापू. आणि तोवर कुणी घाईने सही मागितली, तर कागद घेऊन केंद्रावर या. मिळून वाचू.

– संपादक मंडळाच्या वतीने