घरमालक नावाचा मालक

रिसोडच्या कोणत्याही नोकरदार वस्तीत दिवाळीच्या सुमारास सुताराचा विषय निघाला की ठरावीक तक्रारींची उजळणी ऐकावयास मिळते. सुतार उचल घेऊन गेला तो फिरकलाच नाही. चार दिवसांचे काम महिनाभर रेंगाळले. प्लायवूडच्या दुकानदाराकडून त्याने परस्पर कमिशन घेतले. तक्रार करणाऱ्यांत शिक्षक असतात, बँकेचे कर्मचारी असतात, महागाई भत्त्यासाठी मोर्चे काढलेले संघटित कामगार असतात, आणि पक्षाचे सहानुभूतीदारही असतात. कारखान्याच्या फाटकावर ज्यांना मालक आणि मजूर यांतील भेद तत्काळ दिसतो, त्यांना स्वतःच्या उंबरठ्यावर तो दिसेनासा व्हावा, ही बाब क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. घरात सुतार लावणारा माणूस तेवढ्या दिवसांपुरता मालक असतो. हे नाव त्याला आवडो वा न आवडो.

उचलीचेच घ्या. रिसोड तालुक्यात पैसा खेळतो तो सोयाबीन बाजारात गेल्यावर आणि पुढे तूर निघाल्यावर. घराची कामे याच दिवसांत आणि लग्नसराईच्या तोंडावर निघतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, लोकांचा पैसा पेरणीत अडकलेला असतो आणि सुताराचे हात रिकामे राहतात. म्हणजे वर्षाची भाकरी त्याला चार-सहा महिन्यांत कमवावी लागते. चौकट बसली, कपाट उभे राहिले, दारे बिजागरीवर फिरू लागली की घरमालकाची निकड संपते आणि शेवटची रक्कम ‘पगार झाल्यावर’ किंवा ‘माल विकल्यावर’ अशा मुदतीवर जाते. पहिल्या घरी अडकलेले पैसे दुसऱ्या घरच्या उचलीतून भागवायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. एकाच वेळी तीन घरांचे काम अंगावर घेणारा सुतार लबाड असतो असे नाही. तीन घरांनी मिळून त्याला तसा वागावयास भाग पाडलेले असते.

कमिशनची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. प्लायवूड हरियाणातील यमुनानगरहून येवो की अन्य कोठून, दुकानदार सांगेल तो भाव, वर वस्तू व सेवा कर, घरमालक फारशी कुरकुर न करता मोजतो. बिजागऱ्या, कड्या, सनमाईका यांचेही तसेच. घासाघीस होते ती मजुरीवर, कारण संपूर्ण अंदाजपत्रकात समोरचा पक्ष दुबळा आहे असे तेवढे एकच कलम असते. आठ बाय चार फुटांच्या तक्त्यातून कमीत कमी तुकडे वाया जातील अशी आखणी करणे, ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट किती अंतरावर ठेवावे हे सांगणे, चार खेपा घालून मापे घेणे, या विद्येचा मोबदला कोणत्याही हिशेबात नसतो. जो मोबदला घरमालक देत नाही तो कंपनी देते आणि त्या बदल्यात सुताराची शिफारस विकत घेते. या व्यवहाराचे समर्थन करावयाचे नाही. त्यात निकृष्ट तक्ता चांगला म्हणून गळ्यात मारला जातो आणि कारागिराचा शब्द स्वस्त होतो. परंतु सल्ला फुकट मागणाऱ्याने तो निःपक्षपाती असावा अशी अपेक्षा करणे ही निव्वळ भाबडी समजूत आहे.

जुन्या गावगाड्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांची येथे गरज नाही. बलुत्याने सुताराला जातीच्या खुंट्याला बांधले होते. वखर, डवरे, तिफण, बंडी यांची डागडुजी करून सुगीत खळ्यावर पायली-कुडवासाठी उभे राहणे हे स्वातंत्र्य नव्हते. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली, बाभळीचे काम संपले, बलुतेही संपले. मात्र बंधन गेले त्याबरोबर गावाने मान्य केलेला हक्कही गेला, आणि त्या जागी लेखी कराराचा हक्क आलाच नाही. शेतातून उठलेला सुतार घरांच्या दारात आला, तो तोंडी बोलीवर. राजस्थान वा उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर कमी भावात काम करतो असे सांगून त्याची बोली आणखी खाली आणली जाते. ‘स्थानिकाला काम द्या’ अशी घोषणा करणाऱ्यांनी आधी दोघांना एकच दर द्यावा. परप्रांतीयाविरुद्धचा त्यांचा आवेश आपोआप निवेल.

आता कायद्याकडे पाहू. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून कामगारांसाठी कल्याण निधी उभा केला. परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कामांना त्याने हात लावला नाही आणि १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर व्याख्येतूनच वगळले. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाखांवर गेली. रिसोडसारख्या गावात ५० लाखांच्या आत न बसणारी घरे किती असतील? सुतार मात्र मंडळाचा सभासद होऊ शकतो, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र आणले तर. येथेच खरी मेख आहे. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्याला ठेकेदार प्रमाणपत्र देतो. वीस घरी चार-चार, पाच-पाच दिवस काम करणाऱ्याला कोण देणार? ज्याने काम पाहिलेले नाही त्या ग्रामसेवकाने वा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने सही करावयाची, आणि ज्याने काम करवून घेतले त्याने हात झटकावयाचे. मग खोट्या नोंदणीची ओरड होते, भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात, आणि ज्याच्या हातात खरोखर रंधा आणि पटाशी आहे तो रांगेबाहेर राहतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार पहिला आहे. १५ हजार रुपयांची हत्यारे, पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, काही दिवसांचे प्रशिक्षण, तेही एका कुटुंबातील एकालाच. हत्यारे मिळाली तर सुताराने अवश्य घ्यावीत. पण ज्याची मजुरीच लोकांकडे थकलेली आहे त्याला कर्ज देणे म्हणजे त्याच्या धनकोला मोकळे सोडून त्यालाच ऋणको करणे होय. देवाचे नाव दिल्याने थकबाकी वसूल होत नाही. वाशिम २०१८ पासून नीती आयोगाचा ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. त्या आकांक्षांच्या कोष्टकात सुताराच्या थकलेल्या मजुरीला रकाना नाही.

कायदा बदलण्याची लढाई लांबची आहे आणि ती लढावीच लागेल. तोवर पक्षाच्या कार्यकर्त्याला स्वतःच्या घरापासून प्रारंभ करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. कामाआधी साध्या कागदावर दर, मापे आणि मुदत लिहावी. मापे घेण्याचे व सल्ल्याचे पैसे वेगळे धरावेत. मजुरी दर आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती करावी. आणि काम संपताच किती दिवस काम झाले ते तारखांसह लिहून खाली सही करावी. अशा वीस घरांच्या वीस चिठ्ठ्या हाती असलेला सुतार नगरपरिषदेच्या टेबलापुढे उभा राहिला तर त्याचे ९० दिवस नाकारणे अधिकाऱ्याला जड जाईल. रिसोड नगरपरिषदेकडे मागणी करावयाची ती एवढीच, की या चिठ्ठ्यांची प्रभागवार नोंदवही ठेवावी आणि तिच्या आधारे प्रमाणपत्र द्यावे. चिठ्ठीचा छापील नमुना तालुका शाखेला येत्या दिवाळीच्या कामांपूर्वी वाटता येईल, आणि त्यातील पहिल्या चिठ्ठ्या शाखेच्या सभासदांच्या घरांतून आल्या पाहिजेत.