मधुमेही गिर्यारोहकास वैद्याने काय सांगावे?

पावसाळा सरला की वरवे बुद्रुकसारख्या महामार्गालगतच्या गावातील वैद्यास एक दृश्य परिचयाचे होते. शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण नसरापूरमार्गे राजगड-तोरण्याकडे निघालेले असतात. त्यांतील एखादा इन्सुलिन घेणारा असतो. आज राजगड, पुढे हिमालय, हे त्याचे स्वप्न. आणि ‘वैद्यराज, मी जाऊ का?’ हा त्याचा प्रश्न.

आपल्याकडून त्यास बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘हा नाद सोडा’ हे पहिले; ‘हे चूर्ण घ्या, सुया सुटतील’ हे दुसरे. माझ्या मते पहिले उत्तर भित्रे आहे आणि दुसरे घातक.

१९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक पोहोचले, आणि हे शिखर आपल्या तरुणांना आपले वाटू लागले. मधुमेहींनाही ते वर्ज्य नाही. ऑस्ट्रियाचे गेरी विंकलर समुद्रसपाटीहून सुमारे ४०० मीटर खाली असलेल्या मृत समुद्रापासून निघून मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्याच मोसमात अमेरिकेचे विल क्रॉसही पोहोचले. दोघेही इन्सुलिनवर अवलंबून होते. इन्सुलिन टाकून नव्हे, बरोबर घेऊन ते चढले.

आपले शास्त्र याविषयी काय सांगते? निर्धन प्रमेहीने अनवाणी, छत्रावाचून शंभर योजने चालावे, हे सुश्रुताचे वचन आपण सभांतून आवडीने सांगतो. परंतु त्याच प्रकरणात सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद आहे, आणि कृश रुग्णाचे सतत रक्षण करण्याची आज्ञाही आहे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. चरकानेही स्थूल व कृश प्रमेहींची चिकित्सा निराळी सांगितली. आधुनिक वर्गीकरणाशी हे भेद तंतोतंत जुळतात असे नाही. तथापि इन्सुलिनवर जगणारा कृश तरुण कोणत्या बाजूस बसतो, हे सांगावयास नको. त्याच्यासाठी अर्धशक्ती व्यायामाचा नियम हाच पाया. कपाळी घाम आला, तोंड कोरडे पडू लागले की थांबावे. बळ हळूहळू वाढवावे.

यापुढे व्यवहार येतो. चढाईने रक्तशर्करा उतरते आणि गड उतरल्यावर रात्री झोपेतही ती घसरू शकते. म्हणून साखर खिशात हवी, पिशवीच्या तळाशी नव्हे. आणि ती केव्हा द्यावयाची हे सोबत्यास ठाऊक हवे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, म्हणून हिमालयात ते अंगाशी बाळगावे. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नये. उंचीवरील भोवळ व थकवा आणि साखर उतरल्याची लक्षणे सारखीच भासतात. तेव्हा तर्क न करता मोजावे. कडाक्याच्या थंडीत मोजणीयंत्रही चुकू शकते, म्हणून तेही उबेत ठेवावे. मोठ्या मोहिमेपूर्वी डोळ्यांचा पडदा, वृक्क, हृदय व पाय यांची तपासणी आणि इन्सुलिनच्या मात्रेविषयी तज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. गुडमार, मेथी, कारले यांचे योग विकताना ‘इन्सुलिन चालू आहे का?’ एवढे विचारावे. दोहोंच्या एकत्र परिणामाने साखर अवाजवी उतरू शकते. आणि ‘सुईऐवजी काही द्या’ म्हणणाऱ्यास रिकाम्या हाती परत पाठवावे. अशा रुग्णाचे इन्सुलिन बंद पडले तर अल्पावधीत रक्तातील आम्लता वाढून प्राणावर बेतते, आणि बालेकिल्ल्यावर रुग्णालय नसते.

एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल. ‘जा, पण असा जा’ हे तिसरे उत्तर देण्यास वेळ लागतो, अभ्यास लागतो आणि दुसऱ्या शास्त्राच्या चिकित्सकाशी बोलण्याचा मोकळेपणा लागतो. तो दाखविल्याने आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा उणावत नाही. रुग्ण गड चढून सुखरूप घरी आला, यातच ती आहे.