कायदेशीर सल्ला : स्कूटर मित्राची, पुडा डिकीतला, आरोप मुलावर

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून येताना नाकाबंदीत पोलिसांनी अडवले. डिकीत गांजाचा पुडा सापडला, म्हणून दोघांनाही अटक झाली. माल किती होता, ते आम्हाला माहीत नाही. मुलाच्या काही कागदांवर सह्या घेतल्या आहेत. ओळखीचे एक गृहस्थ ‘पन्नास हजार द्या, मिटवून देतो’ म्हणतात. शरमेपोटी आम्ही नातेवाइकांत कोणालाही सांगितलेले नाही. काय करावे? – एक भगिनी

उत्तर : भगिनी, आधी एक गोष्ट. त्या गृहस्थांना पैसे देऊ नका. एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला की तो पोलीस ठाण्यात मिटत नाही. त्याचा निकाल न्यायालयातच लागतो. शिवाय लाच देणे हाही गुन्हा आहे. ते पैसे वकिलासाठी ठेवा. तेही परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न किती हे न पाहता, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

वकिलामार्फत तीन कागद मिळवा : एफआयआर, जप्तीचा पंचनामा आणि अटकेची कारणे. ही कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले आहे.

पंचनाम्यात सर्वांत आधी वजन पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यावसायिक प्रमाण’. त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षे. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. एमडीच्या बाबतीत हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम इतके छोटे आहेत, आणि २०२० च्या निकालानुसार भेसळीसकट एकूण वजन धरले जाते.

व्यावसायिक प्रमाणात जामीन फार कठीण असतो. आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. अल्प प्रमाणाला कलम ३७ ची ही अट लागू नाही. तारखाही लिहून ठेवा. अल्प प्रमाणात ६० दिवसांत, व्यावसायिक प्रमाणात १८० दिवसांत (न्यायालयाने वाढवल्यास एक वर्षापर्यंत) दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला तरच.

आता बचावाचा मुद्दा. या कायद्यात ताबा सिद्ध झाला की आरोपीला मालाची माहिती होती, असे न्यायालय गृहीत धरते. ते खोडणे आरोपीवर येते. पण ताबा आधी सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात स्पष्ट केले. म्हणून स्कूटर कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे होती, दोघे कुठे भेटले, याचे पुरावे आत्ताच जमवा. दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण लवकर पुसले जाते. ते जपण्यासाठी वकिलाला अर्ज करायला सांगा. मुलाच्या मोबाइलमधले काहीही डिलीट करू नका.

झडतीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा कलम ५० चा हक्क फक्त अंगझडतीला आहे. बॅग किंवा डिकीला तो लागू नाही. तुमच्या मुलाच्या प्रकरणात या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

सह्यांनी घाबरून जाऊ नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. एनडीपीएस अधिकाऱ्यांसमोरच्या कबुलीलाही २०२० च्या तोफान सिंग निकालाने तेच लागू झाले. तरीही कोऱ्या कागदावर सही घेतली असेल किंवा मारहाण झाली असेल, तर पुढच्या तारखेला मुलाने स्वतः दंडाधिकाऱ्यांना सांगावे आणि वकिलाने तसा लेखी अर्ज द्यावा. यापुढे न वाचता सही नको.

एक प्रश्न मुलाला एकांतात, न रागावता विचारा : तू स्वतः घेतोस का? उत्तर ‘हो’ असेल तर वकिलापासून लपवू नका. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ इच्छित असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

नशा हराम आहे, यात दुमत नाही. पण आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. जामीनदार लागेल, कोर्टात कोणीतरी सोबत लागेल. घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला, मामूंना किंवा चाचांना, आजच विश्वासात घ्या. शरमेने गप्प राहिलात तर फायदा त्या पन्नास हजारवाल्या गृहस्थांचाच होईल.