आरे ‘जंगल’ आहे का? एका प्रश्नाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #मुंबई

१/ मेट्रो-३ ची कारशेड गोरेगावच्या आरे वसाहतीत असावी की नसावी, या वादात एक युक्तिवाद वारंवार पुढे आला: आरे मुळात जंगलच नाही. ती सरकारने वसवलेली दूध वसाहत आहे आणि तिथली झाडे माणसांनी लावलेली आहेत. हा युक्तिवाद इतिहासाचा आधार घेतो. त्यामुळे त्याची परीक्षाही इतिहासाच्याच कसोटीवर व्हायला हवी.

२/ आरंभ १९४० च्या दशकात. म्हशींचे तबेले तेव्हा मुंबईच्या ऐन दाट वस्तीत होते. शेणामुताची घाण, रोगराईचे भय आणि दुधातली भेसळ यांनी शहर त्रस्त होते. तबेले शहराबाहेर हलवून दूधपुरवठा सरकारी देखरेखीखाली आणण्याची योजना आखली गेली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार.

३/ १९४९ मध्ये आरे दूध वसाहत स्थापन झाली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टरांचा प्रदेश, तीसहून अधिक तबेले, हजारो म्हशी आणि त्यांच्यासाठी गवताची विस्तीर्ण कुरणे. खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

४/ म्हणजे ‘आरे माणसाने घडवले’ या विधानात तथ्य आहे. रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावली गेली, बागा आखल्या गेल्या, कुरणे जोपासली गेली. हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. माणसाने घडवले म्हणून ते जंगल नाही, हा निष्कर्ष त्यातून निघतो का?

५/ त्यासाठी आरेला लागूनच असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पाहावे. ते ‘खरे’ जंगल, याविषयी दुमत नाही. मात्र त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत आणि दोन्ही मानवनिर्मित आहेत. विहारचे काम १८६० मध्ये पूर्ण झाले, तुळशीचे १८७९ मध्ये. वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी ब्रिटिश राजवटीत ते बांधले गेले.

६/ पिण्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणून तलावांचे पाणलोट क्षेत्र वस्ती आणि शेतीपासून मुक्त ठेवणे भाग होते. कुऱ्हाड थांबली, नांगर थांबला आणि रान दाट होत गेले. पुढे याच परिसरात कृष्णगिरी उपवन आले, त्यातून राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार झाला. मुंबईचे हे ‘नैसर्गिक’ जंगल अभियंत्यांच्या एका निर्णयाच्या आश्रयाने टिकले आहे.

७/ एका बाजूला धरणासाठी राखलेली जमीन, दुसऱ्या बाजूला दुधासाठी राखलेली. दोन्हीकडे हेतू माणसाचा होता. दोन्हीकडे हेतूपलीकडचे काही उगवले. बिबट्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द ओलांडून आरेत येतो, तेव्हा तो सातबारा पाहत नाही. उगम मानवी आहे एवढ्यावरून जंगलपण नाकारायचे, तर राष्ट्रीय उद्यानाचे जंगलपणही धोक्यात येईल.

८/ या युक्तिवादातली दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९४९ पासून गोष्ट सुरू केली की त्यापूर्वीची माणसे आपोआप पुसली जातात. आरेत आजही वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी समाजांचे पाडे आहेत. त्यांची संख्या सामान्यतः २७ सांगितली जाते. आपले पूर्वज तबेल्यांच्या आधीपासून येथे राहत होते, असे या कुटुंबांचे सांगणे आहे. परसातल्या भाज्या, पावसाळी शेती आणि वाघोबाची ठाणी ही त्या सांगण्याची साक्ष.

९/ कायद्याची बाजू पाहू. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात स्पष्ट केले की ‘वन’ हा शब्द शब्दकोशातील अर्थाने घ्यावा आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही, मालक कोणीही असो, त्यात धरावी. त्यामुळे अनेक दुर्लक्षित रानांना संरक्षणाची वाट मोकळी झाली.

१०/ आरेच्या वाट्याला हे संरक्षण आले नाही. जमीन दुग्धविकास विभागाची, नोंद दूध वसाहतीची. आरेला वन मानावे ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. प्रत्यक्ष भूमी आणि तिची कागदावरची नोंद यांत पडलेले हे अंतर हाच आरेच्या वादाचा गाभा आहे.

११/ कारण असे अंतर असलेली जमीन प्रत्येक नव्या गरजेला ‘उपलब्ध’ वाटते. १९७७ मध्ये येथील टेकड्यांवर चित्रनगरी उभी राहिली. पशुवैद्यकीय महाविद्यालय आले, राखीव पोलीस दलाला जागा मिळाली, २६/११ च्या हल्ल्यानंतर ‘फोर्स वन’ला मिळाली. यातले एकही काम निरर्थक म्हणता येणार नाही. तोडा मात्र दर वेळी त्याच जमिनीचा पडला.

१२/ कारशेडची जागा सुमारे ३० हेक्टर, म्हणजे आरेच्या मूळ विस्ताराच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. ‘एवढीशी तर जागा’ हा युक्तिवाद म्हणूनच प्रभावी ठरला. पण ही टक्केवारी एकेका प्रकल्पाची असते आणि भूमी सर्व प्रकल्पांची बेरीज सोसते. ती बेरीज मांडण्याचे दायित्व कोणत्याही एका प्रकल्पावर नसते, म्हणून ती मांडलीच जात नाही.

१३/ मेट्रोची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका म्हणजे श्रीमंतांची चैन नव्हे. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला पर्याय हवा आहे. मोटारी कमी झाल्या तर हवाही सुधारते. कारशेडविना मेट्रो धावत नाही आणि जागा बदलली की वर्षे आणि पैसा दोन्ही वाढतात. हे सारे खरे आहे.

१४/ म्हणून ‘मेट्रो की झाडे’ ही मांडणीच फसवी होती. आंदोलकांपैकी बहुतेकांचा विरोध मेट्रोला नव्हता, कारशेडच्या जागेला होता. पर्यायी जागा म्हणून कांजूरमार्गचे नाव सरकारी समितीच्या विचारातही २०१५ पासून होते. मात्र जमिनीच्या मालकीचा गुंता सोडवण्यापेक्षा आरेची विनातक्रार सरकारी जमीन सोपी वाटली.

१५/ २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडण्यास वा अन्यत्र हलवण्यास मंजुरी दिली. हजारो हरकती आल्या होत्या, रविवारी मानवी साखळ्या उभ्या राहत होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली.

१६/ ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. न्यायालयाची दारे उघडण्यापूर्वी काम उरकण्याची ती घाई या प्रकरणातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे. निकाल बाजूने लागला होता. अपिलाला दोन दिवसांची सवड दिल्याने मेट्रो अडली नसती.

१७/ त्यानंतर आरेचे भवितव्य सरकारांबरोबर हेलकावे खात राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कामाला स्थगिती. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याची आणि आरेतील सुमारे ८०० एकर राखीव वन करण्याची घोषणा. डिसेंबरात कांजूरच्या कामाला न्यायालयाची स्थगिती. जुलै २०२२ मध्ये सत्तांतर होताच आरेवरची बंदी उठली.

१८/ एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १७७ झाडे हटवण्यास परवानगी दिली. पण ८४ झाडांची मुभा असताना अधिक झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाखांचा दंडही केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा खुला झाला, वर्षभरात गाडी कफ परेडपर्यंत पोहोचली. आज हजारो मुंबईकर तिने प्रवास करतात.

१९/ म्हणजे प्रकरण संपले का? नाही. प्रजापूरपाड्यातील ज्या कुटुंबांना मेट्रोच्या कामासाठी घरे सोडावी लागली, त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागू होतो. आरे ‘वन नाही’ असे ठरले की आदिवासींच्या दाव्याची जमीनच सरकते. उलट हक्कांची नोंद न करता राखीव वन केले, तर कुंपण त्यांच्याच दारात उभे राहते.

२०/ पाण्याचा प्रश्नही उभा आहेच. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी याच परिसरातून शहराकडे उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीने काय केले हे मुंबई विसरलेली नाही. वरच्या अंगाची पाणी मुरवणारी जमीन हा शहराचा पूरबंदोबस्त आहे.

२१/ गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांसाठी चित्रनगरी परिसरातील झाडांचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढचा प्रकल्प येणार, तोही लोकोपयोगीच असणार. म्हणून आरेचा दर्जा प्रकल्प येण्यापूर्वी ठरला पाहिजे. आधी पाड्यांच्या हक्कांची नोंद, मग उरलेल्या भूमीला कायद्याचे संरक्षण आणि आजवर दिलेल्या सर्व जमिनींचा एकत्रित हिशेब जनतेसमोर, या क्रमाने.

२२/ १९४९ मध्ये सरकारने एका निर्णयाने तबेले शहराबाहेर नेले आणि नकळत शहराला एक रान दिले. ते देणे अनवधानाने घडले, म्हणून त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नीट झाली नाही. ती नोंद आता जाणीवपूर्वक करता येईल. त्यासाठी आरे १९४९ पूर्वी काय होते, एवढेच विचारून भागणार नाही. पाऊणशे वर्षांत ते काय झाले, हेही विचारावे लागेल.

(थ्रेड समाप्त)