बालकांसाठीची धोरणे आणि संशोधनाचा पुरावा

बालकांच्या हिताची एखादी तरी घोषणा नाही, असे सरकारी अंदाजपत्रक क्वचितच सादर होते. त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे योजना उपयुक्त ठरतेच असे नाही. फसलेल्या धोरणाविषयीची नाराजी प्रौढ मनुष्य मतपेटीतून व्यक्त करू शकतो. बालकाला तो मार्ग उपलब्ध नाही. पहिल्या महिन्यातील उपचार किंवा वाढीच्या वयातील आहार हुकला, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्याची भरपाई होत नाही. म्हणूनच बालके आणि किशोरवयीन मुले यांच्याविषयीचे निर्णय अंदाजावर नव्हे, तर तपासलेल्या पुराव्यावर घेतले जावेत, हा आग्रह केवळ विद्वानांचा राहू नये.

असा पुरावा धोरणापर्यंत कसा पोहोचतो, याचे जगाने दखल घेतलेले उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. जिल्ह्यातील नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती. तज्ज्ञांचे त्या काळचे प्रचलित मत असे होते की, आजारी नवजात बालकाचा उपचार रुग्णालयातच होऊ शकतो. हे मत योग्य की अयोग्य, यावर वाद घालण्याऐवजी संशोधकांनी प्रथम मोजणी केली. ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती शंभरात तिघांनाही मिळत नव्हती. रुग्णालय हेच उत्तर असेल, तर ते उत्तर बालकापर्यंत पोहोचतच नव्हते.

यानंतर ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बालकाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, त्याला ऊबदार ठेवणे, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या शिकल्या. तुलनेसाठी अन्य ४७ गावांची नोंद ठेवली गेली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर हजारी २५.५ इतका खाली आला होता. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ही घट ६२ टक्के होती. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते, आणि एका बालकामागे खर्च होता सुमारे ५.३ डॉलर.

पुढील वाटचाल मात्र संथ होती. अन्य ठिकाणी हा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि घरी जन्मलेल्याकडे सात, असे त्याचे स्वरूप ठरले. पहिल्या निष्कर्षापासून राष्ट्रीय धोरणापर्यंत एका तपाचा काळ लोटला.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. धोरणाने गडचिरोलीचा निष्कर्ष स्वीकारला, पण प्रयोगातील सर्वच अंगे स्वीकारली नाहीत. आशाताईंकडे इंजेक्शनचे काम देण्यात आले नाही. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेव्हा परिचारिकेने जेंटामायसिन द्यावे, अशी तरतूद २०१४ साली आली. सावधगिरीची कारणे समजण्याजोगी आहेत. तथापि, ज्या घटकांमुळे मृत्यू घटले त्यांतील एक घटक वगळल्यावर तेच फळ मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. गडचिरोलीत कसोशीने देखरेख आणि काटेकोर नोंद होती. सरकारी व्यवस्थेत भेटींची संख्या मोजणे सोपे असते. त्या भेटीत बाळाचा श्वास खरोखर मोजला गेला का, हे पाहणे कठीण असते. देशाचा नवजात मृत्युदर २०११ मधील हजारी ३१ वरून २०२१ मध्ये १९ वर आला, ही समाधानाची बाब आहे. त्यात रुग्णालयीन प्रसूतींच्या वाढीचा आणि इतर उपाययोजनांचाही वाटा आहे. गृहभेटींचा वाटा किती, हे वेगळे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

किशोरवयीनांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना दर आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ पासून सुरू झाला. सरकारी शाळांबरोबर अनुदानित शाळाही त्यात आहेत. ख्रिस्तसभेच्या अनेक शाळा अनुदानित असल्याने आपल्या घरांतील मुलांचाही त्याच्याशी संबंध येतो. असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वयाच्या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५४.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्क्यांवर गेले.

मग कार्यक्रम व्यर्थ ठरला काय? एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. या पाहणीत बोटाच्या टोकातून घेतलेले रक्त तपासले गेले होते. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत रक्त शिरेतून घेतले होते, आणि तिच्यात १० ते १९ वयाच्या मुलींमधील प्रमाण ४० टक्के आढळले. वयोगट भिन्न असल्याने दोन्ही आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. तरीही मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याच पाहणीत किशोरवयीनांपैकी २२ टक्क्यांत लोहाची, ३७ टक्क्यांत फॉलिक आम्लाची आणि ३१ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. म्हणजे केवळ लोहावर भर दिल्याने सर्वांचा रक्तक्षय दूर होणार नाही. याचा अर्थ गोळी फेकून द्यावी असा नव्हे. गोळीबरोबर डाळी, पालेभाज्या, दूध, अंडी, मासे यांचाही विचार व्हावा आणि शालेय आहाराचे धोरण त्या दृष्टीने तपासले जावे, एवढाच त्याचा अर्थ.

पुरावा जुना झाला की त्याचा उपयोगही कमी होतो. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. आता तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरला आहे. दरम्यानच्या काळात अन्नसुरक्षेसारख्या योजनांचे लाभार्थी २०११ च्या लोकसंख्येवरून ठरत राहिले. २०११ नंतर जन्मलेले एकही मूल त्या गणतीत नाही. जे मूल मोजलेच गेले नाही, त्याच्या वाट्याचे धान्य कोणत्या हिशेबात धरावे?

वाचकहो, पुरावा गोळा करणे हे संशोधकांचे काम असले, तरी तो मागणे हे नागरिकांचे काम आहे. मुलांसाठी नवी योजना जाहीर झाली की तिची रक्कम ऐकून आपण समाधान मानतो. ग्रामसभेत, शाळेच्या पालक-शिक्षक संघात, मते मागावयास येणाऱ्या उमेदवारासमोर आपण विचारू शकतो: ही योजना कोठे करून पाहिली होती? तेथील कोणत्या अटी येथे पाळल्या जाणार आहेत? दोन वर्षांनी तिचे फळ कोण मोजणार, आणि तो अहवाल आम्हांस वाचावयास मिळेल काय? आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनाही हेच प्रश्न लागू आहेत. गोळ्या किती वाटल्या याची नोंद अनेक ठिकाणी सापडेल. वर्षअखेरीस मुलींची प्रकृती सुधारली काय, ही नोंद आपण आपल्याच शाळांपासून सुरू करू शकतो.