पोट दुखणं थांबलं, पण आतड्याचं अस्तर भरलं का?

'रोज रात्री हळदीचं दूध द्या, आतड्याची जखम आठवड्यात भरते.' अशा अर्थाचा एखादा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरकडे केळी आणि हळद ही घरचीच पिकं, त्यामुळे असा मेसेज तिथे पटकन पटतो. पण आयबीडी झालेल्या मुलाच्या घरी हा मेसेज बघून औषध बंद केलं, तर ते महागात पडतं. का, ते समजून घेऊया.

आयबीडी म्हणजे काय?

आयबीडी म्हणजे आतड्याला दीर्घकाळ राहणारी सूज. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं अस्तर सोलवटतं. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते आणि ती आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. नाव सारखं वाटलं तरी आयबीएस वेगळा. आयबीएसमध्ये पोट बिघडतं, पण अस्तराला जखम नसते.

अस्तर भरतं कसं?

आतड्याचं सर्वात आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं आणि दर तीन ते पाच दिवसांनी ते जवळपास पूर्ण नवं होतं. या नव्या पेशी येतात अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी बसलेल्या स्टेम सेलमधून. नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या टीमने २००७ मध्ये या पेशी नेमक्या ओळखल्या. २००९ मध्ये त्याच लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी एका स्टेम सेलपासून आतड्याचं छोटं मॉडेल बशीत वाढवून दाखवलं.

जखम झाली की काम तीन टप्प्यांत होतं. आधी शेजारच्या पेशी चपट्या होऊन सरकतात आणि काही तासांत उघडी जागा झाकतात. मग स्टेम सेल विभागून नव्या पेशी बनवतात. शेवटी त्या पेशी आपापलं काम शिकतात: कुणी चिकट श्लेष्मा बनवतं, कुणी अन्नरस शोषतं.

मग आयबीडीत बिघडतं कुठे? दुरुस्ती चालू असते, पण तोडफोडही थांबत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा टीएनएफसारखे सूज वाढवणारे संदेश सोडत राहते. पेशींमधले सांधे सैल होतात, आतड्यातले जिवाणू आत शिरतात, त्यांना बघून यंत्रणा आणखी चवताळते. म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट होतोय, पण ज्या बगमुळे तो पडतोय तो तसाच आहे. औषधाचं खरं काम हा लूप तोडणं. तो तुटला की अस्तर स्वतःच भरतं. जखम खोल असेल तर मात्र तिथे वण राहतो आणि आतडं अरुंद होऊ शकतं. म्हणून वेळ महत्त्वाचा.

लक्षणं गेली म्हणजे जखम गेली?

नाही, आणि भारतात हा मुद्दा जास्तच गंभीर आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही सारखेच दिसू शकतात. नक्की निदान होत नसेल तर डॉक्टर अनेकदा आधी टीबीची औषधं सुरू करून बघतात. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा केला. टीबीची औषधं घेऊन क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांनाही बरं वाटलं, पण त्यांचे व्रण भरले नव्हते. टीबीच्या रुग्णांचे मात्र भरले. म्हणजे 'बरं वाटतंय' हे उत्तर फसवू शकतं, अस्तर फसवत नाही. फरक कळायला ठरलेल्या वेळी पुन्हा दुर्बीण तपासणी करावी लागते, आणि नेमकी तीच 'आता बरंय की' म्हणून टाळली जाते. तोवर क्रोन्स आत काम करत राहतो.

मुलांची गोष्ट वेगळी का?

कारण मुलं वाढत असतात. क्रोन्स झालेल्या मुलात कधी कधी जुलाब किंवा रक्त पडण्याच्या आधी उंची आणि वजन अडतं. म्हणूनच २०२१ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय उपचार-उद्दिष्टांमध्ये मुलांची वाढ पुन्हा रुळावर येणं हे वेगळं उद्दिष्ट आहे, आणि दीर्घकाळचं ध्येय आहे अस्तर भरणं.

स्टिरॉइड सूज लवकर उतरवतात, पण अस्तर भरण्यात कमी पडतात आणि जास्त दिवस दिले तर वाढही रोखतात. मुलांच्या क्रोन्समध्ये म्हणून एक वेगळा उपाय आधी बघितला जातो: सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण बंद, फक्त ठरावीक फॉर्म्युल्याचं द्रव अन्न. इटलीत २००६ मध्ये ३७ मुलांवर झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांनी द्रव अन्नाच्या गटात ७४ टक्के मुलांचं अस्तर भरलं, स्टिरॉइडच्या गटात ३३ टक्के. चाचणी छोटी होती, पण फरक मोठा आहे. हे मेडिकलमधून पावडरचा डबा आणून घरी करायचं काम नाही, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ लागतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसला हा उपाय चालत नाही.

आजार जास्त असेल तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आहेत. अडालिमुमॅबची पहिली बायोसिमिलर आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने भारतात आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण एक पंचमांशात. तरीही सामान्य शेतकरी घराला ती जडच जाते. आणि सुरू करण्याआधी लपलेला टीबी तपासावाच लागतो, कारण या औषधाने तो उसळू शकतो.

आत बघायची साधनं

संडासच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन आतड्यातल्या सुजेचा अंदाज देतं. सुई नाही, भूल नाही. युरोपात 'आयबीडॉक' नावाची किट आहे: घरी चाचणी करायची आणि फोनच्या कॅमेऱ्याने ती वाचायची. गिळायचा कॅमेरा, म्हणजे कॅप्सूल एंडोस्कोपी, इस्रायली क्षेपणास्त्र अभियंता गॅव्हरिएल इदान यांच्या कल्पनेतून आली आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. पण आतडं अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी ते बघतात. एआय दुर्बिणीच्या फोटोंवरून सूज मोजायला शिकतंय, पण आपल्याकडे जास्त उपयोगाची वाटते ती साधी सोनोग्राफी. आतड्याच्या भिंतीची जाडी तिच्यात दिसते. मशीन खूप ठिकाणी आहे, हे वाचणारा प्रशिक्षित हात कमी ठिकाणी.

अर्धापूरमध्ये अडतं कुठे?

जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मुलांच्या पोटविकारांसाठी मुंबईच्या परळमधलं वाडिया रुग्णालय गाठायचं तर रेल्वेने रात्रभराचा प्रवास. पण त्याआधी कुणाच्या तरी डोक्यात शंका यायला हवी.

आणि त्यासाठी लागणारा डेटा आपल्याकडे थोडाफार आहे. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर ॲपमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन-उंची भरतात. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत वर्षातून एकदा येते. मुलांमधला आयबीडी बहुतेक वेळा दहा वर्षांनंतर समोर येतो. म्हणजे नोंदी जिथे दाट आहेत तिथे आजार कमी, आणि आजार जिथे आहे तिथे वर्षाला एकच आकडा. एक आकडा काही सांगत नाही, घसरणारी रेषा सांगते. अंगणवाडीची नोंद शाळेच्या नोंदीला जोडून ही रेषा बारावीपर्यंत चालू ठेवली, तर महागड्या मशीनआधीच शंका पकडता येईल. माझ्या मते इथे नव्या ॲपची गरज नाही, असलेली दोन खाती जोडायची गरज आहे.

आणि हळद?

जपानमध्ये २००६ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या औषधासोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. आता हिशोब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दोन ग्रॅमसाठी रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल, म्हणजे वीसेक चमचे. आणि तेही औषधासोबत, औषधाऐवजी नाही. दुधातली चिमूटभर हळद प्यायला हरकत नाही, तिच्यावर विसंबायला आहे.

तुम्ही काय करू शकता?

घरात किंवा शेजारी एखादं मूल चार आठवड्यांहून जास्त पोटदुखी-जुलाबाने त्रस्त असेल, संडासातून रक्त जात असेल, हिमोग्लोबिन सतत कमी येत असेल किंवा दोन वर्षं तीच पॅन्ट बसत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. जुन्या वजन-उंचीच्या नोंदी आणि रिपोर्टचे फोटो एका फोल्डरमध्ये तारखेनुसार ठेवा. पहिला सल्ला ई-संजीवनीवर घरबसल्या घेता येतो. आणि उपचार चालू असतील तर पुढच्या भेटीत 'आता बरंय' एवढ्यावर थांबू नका. 'अस्तर भरलं का, आणि ते आपण कशावरून ठरवतोय?' हे विचारा.