डुकरांना चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये : बेळगाव–निपाणी सीमाभागातील नागरिकांना जाहीर आवाहन

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांतील लहान डुक्करपालकांना, त्यांना औषधे विकणाऱ्या दुकानदारांना आणि डुकराचे मांस खाणाऱ्या नागरिकांना असे आवाहन करण्यात येत आहे की, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय डुकरांना प्रतिजैविके देणे थांबवावे. प्रतिजैविक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले अँटिबायोटिक, जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ रोखते. विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. म्हणूनच क्लासिकल स्वाईन फिव्हर या विषाणुजन्य रोगाची साथ आली असता कितीही सुया टोचल्या तरी रोग हटत नाही; त्यावर वेळेवर दिलेली लस आणि हॉटेलांतून आणलेले खरकटे नीट उकळूनच खाऊ घालण्याची शिस्त, हेच खरे उपाय आहेत.

अधिक घातक प्रकार दूध तोडलेल्या पिल्लांच्या बाबतीत घडतो. पिल्लांना हगवण लागू नये म्हणून खाद्यात रोज थोडी थोडी पूड मिसळली जाते, किंवा हगवण लागल्यावर अंदाजाने दोन दिवस सुई टोचून, पिल्लू खाऊ लागताच औषध बंद केले जाते. अशा अपुऱ्या मात्रेत दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढत जाते. औषधाला दाद न देण्याची ही शक्ती म्हणजे प्रतिरोध. तो डुकराच्या आतड्यापुरता राहत नाही, कारण जनावरांची आणि माणसांची औषधे बहुधा एकाच कुळातली असतात : जनावरांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सॅसिनचा काही भाग शरीरात गेल्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिनच बनतो आणि तेच औषध माणसांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाते.

प्रतिरोधाचा गुण प्लास्मिड नावाच्या, जनुके वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कड्यांवाटे एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतो. 2015 साली चीनमधील संशोधकांनी डुकरांत आणि मांसात आढळलेल्या एमसीआर-1 या अशाच जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. ते कोलिस्टिनला, म्हणजे अतिदक्षता विभागात इतर औषधे हरल्यावर वापरल्या जाणाऱ्या औषधाला, निष्प्रभ करते. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन आणि विक्री बंद केली. कोणाच्या गोठ्यात त्याची जुनी पुडी उरली असेल तर ती वापरू नये, उकिरड्यावर किंवा ओढ्यातही टाकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून तिची विल्हेवाट लावावी.

औषध दिलेले जनावर केव्हा कापावे, याचाही नियम आहे. वेष्टनावर औषध थांबवल्यापासून किती दिवस थांबायचे हे छापलेले असते, आणि तसे छापलेले नसल्यास मांसासाठी किमान 28 दिवस थांबणे 2012 पासून नियमाने आवश्यक आहे. व्यवहारात मात्र जनावर दगावेल या भीतीने सुई टोचलेले डुक्कर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खाटकाकडे जाते. हे टाळायला साधी वहीसुद्धा पुरेशी आहे : कानाची खूण, औषधाचे नाव, शेवटच्या सुईची तारीख. खरेदीदाराने ती वही पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

या सगळ्याचा दोष लहान पालकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. चार-सहा डुकरांवर संसार चालवणाऱ्या माणसाला दवाखाना लांब आणि औषधाचे दुकान जवळ असते. वेष्टनावरची सूचना इंग्रजीत, सरकारी पत्रक कन्नडमध्ये आणि घरची भाषा मराठी. म्हणून पशुसंगोपन खात्याने मात्रा आणि थांबण्याचे दिवस कन्नडबरोबर मराठीतही छापून दवाखान्यांत लावावेत, अशी आग्रहाची विनंती आहे. तसेच, निपाणीला चिठ्ठीशिवाय न मिळालेले औषध सीमेपलीकडे महाराष्ट्रातील कागलला मिळणार असेल तर एका बाजूची शिस्त व्यर्थ जाईल. प्रतिरोधी जिवाणूही सीमा पाळत नाहीत : हिरण्यकेशी, वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या महाराष्ट्रातून कर्नाटकात वाहतात, आणि काठच्या शेतांत पडलेली डुकरांची ताजी विष्ठा पावसात त्यांनाच मिळते. म्हणून तिचे खत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे.

पिल्लांना जन्मानंतर पहिल्या काही तासांत चीक पाजावा, पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकाकडून लोहाची सुई द्यावी, जमीन कोरडी ठेवावी आणि थंडीत ऊब द्यावी. एवढे केल्यावर हगवणीचे प्रमाण पुष्कळ घटते. तरीही ती लागलीच, तर पाण्यात मीठ-साखर कालवून पिल्लाला पाजत राहावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.